शब्दकोड्यातला श्लेष आणि पांझरेकाठचा 'फड'

'तमाशाची मंडळी, अक्षरे दोन.' शब्दकोडी सोडवणारा कोणीही इथे 'फड' लिहून पुढे जाईल. पण सूत्र असे दिले : 'एक रंगतो, एक भिजतो'? पुण्याचा वाचक बहुधा अडेल. पांझरेच्या उत्तर तीरावर, धुळ्याच्या देवपुरात, जुन्या शेतकऱ्याला मात्र क्षणभरही थांबावे लागणार नाही.

पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून पाट निघतात आणि त्यांखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पडतात; ते फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी ते पालटायचे. पाणी पाटकरी सोडतो. काही शतके चालत आलेली ही व्यवस्था खानदेशाने 'फड' या दोन अक्षरांत साठवली. मोल्सवर्थच्या कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) याच शब्दाखाली जुगाराचा अड्डा, सारा ठरवण्यासाठी धान्य आणण्याची जागा, कारखाना आणि उसाचे वा मिरच्यांचे शेत असा सगळा बाजार भरला आहे. आजच्या कोड्यात त्यातला तमाशाच तेवढा उरतो.

दोष कोडेकारांच्या सवयीचा आहे. आपली बहुतेक सूत्रे म्हणजे प्रतिशब्दांची यादी. इंग्रजी कोडेही आरंभी असेच होते. आर्थर विनचे पहिले कोडे 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आले; सोडवणाऱ्याला चकवणारे सूत्र रुजले ते 1926 पासून, लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्कमाडा' कोडी रचू लागल्यावर. त्याच वर्षी 31 डिसेंबरला वि. का. राजवाडे धुळ्यात वारले. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांची कुळे वेगळी करण्यात ज्याने आयुष्य घातले, त्याचे 'धातुकोश' (1937) आणि 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' (1942) हे ग्रंथ कोडेकाराच्या मेजावर असायला हवेत.

'वात' घ्या. समईतली वात 'वर्ति'पासून आलेली, सांध्यातला वात थेट संस्कृत. दोन वंशांचे शब्द एकाच रूपात भेटतात. 'काम'ही तसेच : एक 'कर्म'पासून झिजलेले, दुसरे मूळचेच 'काम'. अलंकारशास्त्र याला अभंगश्लेष म्हणते, आणि मोरोपंतांच्या वाचकाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. देवनागरीच्या चौकटीत स्वरचिन्हासह सबंध अक्षर बसते. त्यामुळे इंग्रजीसारखी अक्षरांची उलथापालथ मराठीत फार साधत नाही. श्लेष मात्र सहज साधतो. परक्याचे अनुकरण करायचे झाले, तर हेच करावे.

आणखी एक सूत्र सुचते : 'जेवायला मांडतात, शेताला सोडतात, विधवेशी लावत.' उत्तर 'पाट'. यातला तिसरा अर्थ, विधवेचा पुनर्विवाह, एका वर्गात विचारून पाहिला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणालाच तो ठाऊक नव्हता. मागच्या बाकावरच्या, आजीजवळ वाढलेल्या एका मुलीने तेवढा तो ओळखला.