भटका मनोरुग्ण आणि कायदा : अटकेपासून संरक्षणापर्यंत

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाचे काय करावे, याविषयी ब्रिटिश हिंदुस्थानात 1858 मध्ये कायदा झाला. त्या वर्षीच्या छत्तिसाव्या कायद्याने पोलिसांवर एक कर्तव्य सोपवले : हद्दीत मोकळा फिरणारा, वेडा वाटणारा माणूस आढळला की त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे. डॉक्टरने दाखला दिला की त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होई. नातेवाइकाने किंवा स्नेह्याने सांभाळण्याची हमी दिली, तर रुग्ण त्याच्या हवाली करता येई. ज्याच्यामागे कोणीच नव्हते, त्याच्यासाठी हमी देणार कोण? म्हणून घर असलेला रुग्ण घरी राहू शके आणि बेघर रुग्ण भिंतीआड जाई.

मुंबईत कुलाब्याला असे इस्पितळ होते. पुढे रत्नागिरी (1886), ठाणे (1901) आणि येरवडा येथेही अशी इस्पितळे उभी राहिली. मराठी बोलीत या गावांची नावेच हिणवण्याचे शब्द झाली. ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला भरती करा’ असे सहज म्हटले जाऊ लागले आणि आजार हा लाजेचा विषय ठरला. लाजेपोटी कुटुंबे रुग्णाला लपवू लागली, काहींनी त्याच्याशी संबंधच तोडले.

1912 च्या ‘इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्ट’ने अटकेचा अधिकार कायम ठेवला. इस्पितळात जागा नसली की गुन्हा न केलेले रुग्णही अनेक ठिकाणी तुरुंगात ठेवले जात. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. अशा रुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य आहे, असा निकाल 1993 मध्ये लागला. त्याच वर्षी 1987 चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला. त्यात ‘अटक’ जाऊन ‘संरक्षणात घेणे’ हे शब्द आले. मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची पद्धत मात्र तशीच राहिली.

दरम्यान उपचार बदलले होते. 1950 च्या दशकात क्लोरप्रोमॅझीनसारखी औषधे आली आणि अनेक रुग्णांना गोळ्या घेत घरी राहणे शक्य झाले. रस्त्यावरच्या माणसापर्यंत ही औषधे न्यायला मात्र कोणीतरी रस्त्यावर उतरणे आवश्यक होते. मुंबईत 1988 मध्ये डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी ‘श्रद्धा’ ही संस्था सुरू केली. गटारातले पाणी नारळाच्या करवंटीने पिणारा एक तरुण त्यांना दिसला होता. उपचारानंतर कळले की तो आंध्रातला, प्रयोगशाळेचे शिक्षण घेतलेला पदवीधर होता. पुढे कर्जतजवळ संस्थेचे केंद्र उभे राहिले. तिथे रुग्णाला आंघोळ, अन्न आणि औषध मिळते. मन सावरू लागले की त्याच्या भाषेत बोलून गावाचे नाव विचारले जाते आणि कार्यकर्ते त्याला घरापर्यंत सोडतात. अनेक घरांनी तो मेला असेच धरलेले असते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बेघर मनोरुग्ण स्त्रियांवर रस्त्यात अत्याचारही होतात. अशा स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना अहिल्यानगरजवळ ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ने घर दिले आहे.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या अनुभवाशी जुळणारी दिशा घेतली. त्याच्या कलम 100 नुसार भटक्या मनोरुग्णाला पोलिसांनी चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे असते. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. आणि कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही इस्पितळात ठेवून घेता येणार नाही, असे कलम 19 सांगते. 1858 मध्ये हमीदार नसलेल्या माणसासाठी भिंतीबाहेर राहण्याची जी वाट बंद होती, ती कायद्याने आता त्याचा हक्क म्हणून मान्य केली आहे.