छर्रा किती जोरात, आणि किती सारखा? विजेवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट रायफलीचा इतिहास (थ्रेड)

१/ १६९० साली, राजाराम महाराज जिंजीहून स्वराज्याचा कारभार पाहत असताना, इंग्रजांनी मराठ्यांकडून कडलूरजवळचा एक किल्ला विकत घेतला. सोबत मिळणारी जमीन ठरवण्याची रीत विलक्षण होती: किल्ल्यावरून डागलेला तोफेचा गोळा जिथवर पोहोचेल, तिथवरचा मुलूख कंपनीचा. त्यासाठी तोफ निरनिराळ्या दिशांना डागण्यात आली, आणि त्या कक्षेत आलेली खेडी पुढे ‘तोफगोळ्याची गावे’ म्हणूनच ओळखली गेली. किल्ल्याचे नवे नाव फोर्ट सेंट डेव्हिड.

२/ याच किल्ल्यात २९ जुलै १७५१ रोजी बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणितज्ञ तापाने मरण पावला. वय अवघे ४४. कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करण्यासाठी तो वर्षभरापूर्वीच हिंदुस्थानात आला होता. आज जपानपासून ब्रिटनपर्यंत खेळाच्या मैदानांवर विजेवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट रायफली दिसतात. त्या हुबेहूब खऱ्या बंदुकीसारख्या दिसतात, पण सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा फेकतात. अशा रायफलीची पारख ज्या दोन गोष्टींवर होते, त्या दोन्हींचे मूळ या माणसाच्या प्रयोगांत आहे.

३/ पहिली गोष्ट वेगाची. रॉबिन्सच्या आधी तोफखान्याची पुस्तके पल्ल्याविषयी भरभरून बोलत. पण नळीतून निघताना गोळीचा वेग किती असतो, हे मोजण्याचे खात्रीचे साधन नव्हते. १७४२ मध्ये ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात त्याने ते दिले. जड लोलक टांगायचा, त्याच्या लाकडी फळीवर गोळी झाडायची, आणि लोलक किती मागे झुलला ते त्याला जोडलेल्या फितीवरून वाचायचे. गोळीचे व लोलकाचे वजन ठाऊक असले की उरलेले काम गणिताचे. उत्तर आले सेकंदाला सुमारे ५०० मीटर.

४/ दुसरी गोष्ट गिरकीची, आणि ती अधिक रंजक आहे. त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीच्या कोणत्या तरी बाजूस घासते, गिरकी घेत बाहेर पडते आणि म्हणून हवेत वळते, असे रॉबिन्सचे म्हणणे. लिओनहार्ड ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ मध्ये त्याच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, पण हे मत काही मानले नाही. दोष गोळीच्या ओबडधोबड आकाराचा आहे, असे ऑयलरला वाटे.

५/ रॉबिन्सने मग नळीचे तोंडच डावीकडे किंचित वाकवले आणि समोर ओळीने पातळ कागदाचे पडदे उभे केले. वाकड्या नळीतून गोळी डावीकडे जाणार, हे कोणीही सांगेल. ती गेलीही. पण पुढच्या पडद्यांवरची भोके उजवीकडे सरकत गेली. नळीच्या उजव्या भिंतीवर घासून मिळालेल्या गिरकीने गोळीला उलट दिशेस ओढले होते. पुढे १८५२ मध्ये बर्लिनच्या गुस्ताव मॅग्नस यांनी या परिणामाचा अभ्यास केला आणि पाठ्यपुस्तकांत नाव त्यांचे लागले. कडलूरला मेलेल्या माणसाची वकिली करायला तेव्हा कोणी उरले नव्हते.

६/ आता जपान. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य झाले. १९५८ च्या शस्त्र कायद्याने ही बंदी पक्की केली. बंदुकीचे आकर्षण मात्र उरले, आणि त्यातून खऱ्या शस्त्राच्या धातूच्या प्रतिकृती करण्याचा उद्योग उभा राहिला. त्यांचा गैरवापर होऊ लागल्यावर १९७१ आणि १९७७ मध्ये त्यांच्यावरही निर्बंध आले: नळी बुजवलेली हवी, पिस्तुलाचा रंग पांढरा किंवा पिवळा हवा. धातूची वाट अशी अरुंद होत गेली, आणि प्लास्टिकच्या, स्प्रिंगच्या किंवा वायूच्या दाबाने छर्रा फेकणाऱ्या खेळण्यांचा काळ सुरू झाला. ‘एअरसॉफ्ट’ हा शब्दही जपानचाच.

७/ १९८० च्या दशकात सलग छर्रे झाडायचे तर बंदूक रबरी नळीने पाठीवरच्या वायूच्या बाटलीला जोडावी लागे. मधल्या रेग्युलेटरची खुंटी फिरवली की दाब वाढे आणि छर्ऱ्याचा जोरही. म्हणजे ताकद हा खेळण्याचा गुणधर्म राहत नसून खेळणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. पुढचा सारा तंटा या एका खुंटीत बीजरूपाने दिसतो.

८/ १९९१ मध्ये ‘टोकियो मारुई’ या कंपनीने फ्रेंच लष्कराच्या ‘फामास’ रायफलीची प्रतिकृती बाजारात आणली. ना बाटली, ना नळी. आत एक बॅटरी आणि एक छोटी मोटर. मोटर तीन दातेरी चाके फिरवते. शेवटच्या चाकाला अर्ध्याच घेरावर दाते असतात. ते दाते पिस्टनला मागे ओढत स्प्रिंग दाबतात आणि दाते संपताच पिस्टन सुटतो. सुटलेला पिस्टन सिलिंडरमधली हवा पुढे ढकलतो, हवा छर्ऱ्याला. चाप दाबलेला असेपर्यंत हे चक्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा घडते. इतके साधे आणि इतके टिकाऊ यंत्र, की आजच्या बहुतेक विजेऱ्या एअरसॉफ्ट रायफली त्याच वंशातल्या आहेत.

९/ नळी इथेही आतून गुळगुळीतच. पण नळीच्या मागच्या टोकाशी, छर्रा बसतो तिथे वरच्या बाजूस रबराचा एक छोटा उंचवटा आला. त्याला म्हणतात ‘हॉप-अप’. छर्ऱ्याचा माथा त्यावर घासतो आणि छर्रा उलटी गिरकी घेत बाहेर पडतो. गिरकीमुळे हवेचा झोत खाली वळतो, छर्रा वर उचलला जातो आणि गुरुत्वाकर्षणाशी काही काळ बरोबरी करत सरळ जातो. रॉबिन्सला जी गिरकी गोळीचा दोष म्हणून सापडली, तीच इथे मुद्दाम, मोजून-मापून, एका चाकाने कमी-जास्त करून दिली जाते.

१०/ सुधारणेचा नाद याच सुमारास लागला, आणि सुरुवातीस तो जवळजवळ एकमार्गी होता: अधिक कडक स्प्रिंग. सुट्या भागांचे उत्पादक स्प्रिंगांना एम १००, एम १२० अशी नावे देत. आकडा म्हणजे ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याचा साधारण वेग, मीटर प्रति सेकंद. १०० वरून १२० म्हणजे वेगात वीस टक्के वाढ, ऐकायला किरकोळ. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर वाढते, म्हणून एक ज्यूलचे थेट १.४४ ज्यूल होतात.

११/ हा भार कोणी तरी सोसावा लागतो. प्लास्टिकच्या पिस्टनचे दाते झडतात. एम-१६ घराण्यातल्या रायफलींत वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीच्या गिअरबॉक्सचे कवच समोर, सिलिंडरच्या खिडकीपाशी, हमखास तडकते. मग धातूचे दाते, मग मजबूत कवच, मग जोरकस मोटर, मग मोठी बॅटरी, मग जादा वीजप्रवाहाने जळणारे चापाचे संपर्कबिंदू. एका स्प्रिंगपायी अख्खी रायफल बदलावी लागे, आणि नेम होता तिथेच राही. त्या काळचे ‘अपग्रेड’ म्हणजे बऱ्याचदा पैसे देऊन विकत घेतलेला बिघाड होता.

१२/ बिघाड यंत्रापुरता राहिला असता तर इतिहासाने दखल घेतली नसती. २००५ मध्ये जपानमध्ये ताकद वाढवलेल्या एअरगनमधून महामार्गावरच्या धावत्या मोटारींवर छर्रे झाडल्याचे प्रकार घडले, काचा फुटल्या. उत्पादकांच्या संघटनांनी ताकदीच्या मर्यादा स्वतःहून घालून घेतल्या होत्या, पण त्या कारखान्याच्या दारापर्यंतच चालत. दाराबाहेर प्रत्येकाच्या हातात ती जुनी खुंटी, नव्या रूपात, होतीच. खेळणे हे खेळणे राहील की नाही, हा प्रश्न आता उघडपणे उभा राहिला.

१३/ २१ ऑगस्ट २००६ रोजी सुधारित कायदा अमलात आला. छर्ऱ्याच्या आडव्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ज्यूल ही सीमा ठरली. सहा मिलिमीटरच्या छर्ऱ्याचा छेद ०.२८ चौरस सेंटिमीटरहून किंचित अधिक, म्हणून मर्यादा येते ०.९८ ज्यूलच्या आसपास, ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी सेकंदाला सुमारे ९९ मीटर. त्यापुढे गेलेली बंदूक खेळणे राहत नाही. ती नुसती बाळगणेही गुन्हा. जुन्या बंदुका नियमात आणण्यासाठी सहा महिन्यांची सवलत मिळाली. रॉबिन्सची मस्केटची गोळी सुमारे ४,७०० ज्यूल घेऊन निघे. एक ज्यूल त्यापुढे नगण्य, पण एक ज्यूलचा छर्राही डोळा कायमचा घालवू शकतो. म्हणूनच डोळ्यांच्या संरक्षणाशिवाय मैदानात पाऊल टाकू देत नाहीत.

१४/ या कायद्याने छंद मरेल, अशी भीती होती. घडले वेगळेच, आणि या साऱ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा बदल तोच म्हणायला हवा. ताकदीचा दरवाजा बंद झाल्यावर कारागिरांना दुसरा प्रश्न विचारणे भाग पडले: छर्रा किती जोरात जातो हा नव्हे, तर दर वेळी किती सारखा जातो हा.

१५/ समजा, दोन रायफली आहेत. दोन्हींचा सरासरी वेग ९५. पहिलीच्या दहा छर्ऱ्यांचे वेग ९४ ते ९६ मध्ये राहतात, दुसरीचे ८८ ते १०२ मध्ये भटकतात. दुसरी रायफल मधूनच कायदाही मोडते आणि चाळीस मीटरवरच्या माणसाला चुकवतेही. हा फरक स्प्रिंगमध्ये सहसा नसतो. तो असतो हवेच्या गळतीत: पिस्टनच्या टोकावरचे झिजलेले रबरी कडे, सिलिंडरच्या तोंडाशी असलेली फट, छर्ऱ्यामागे नीट न टेकणारे नोझल.

१६/ म्हणून जाणकार रायफल हाती घेतो तेव्हा आधी स्प्रिंग बदलत नाही. सिलिंडर, पिस्टन व नोझल बाहेर काढून तो नोझलच्या तोंडावर बोट दाबतो आणि पिस्टन पुढे ढकलतो. पिस्टन अडून राहिला तर हवा बंदिस्त आहे. सुस्कारा टाकत पुढे गेला तर गळती आहे. मग नळी आणि सिलिंडर यांचा मेळ पाहायचा. ३६३ मिलिमीटर लांबीच्या, ६.०८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत साधारण साडेदहा घन सेंटिमीटर हवा मावते. ५०९ मिलिमीटरच्या नळीत पावणेपंधरा. लांब नळीला छोटा सिलिंडर दिला तर हवा मध्येच संपते आणि उरलेल्या वाटेत नळी छर्ऱ्याला रोखते. आखूड नळीच्या रायफलींत सिलिंडरच्या कुशीला भोक असते ते यासाठीच: जादा हवा नकोच असते.

१७/ त्यानंतर हॉप-अपचे रबर. ते स्वच्छ आहे का, उंचवटा मध्यावर आहे का? तो तसूभर तिरका असेल तर गिरकीही तिरकी, आणि छर्रा रॉबिन्सच्या वाकड्या नळीतल्या गोळीसारखा कडेला वळतो. सर्वांत शेवटी चाके, त्यांच्यामधल्या पातळ चकत्या, वंगण आणि चापाचे विजेचे जोड. काही रुपयांचे रबरी कडे आणि एक संध्याकाळ यांतून जे साधते, ते महागड्या मोटरीने साधेलच असे नाही.

१८/ मोजण्याचे यंत्र आता तळहातावर मावते. छर्रा प्रकाशाच्या दोन पट्ट्या ओलांडतो आणि मधल्या वेळेवरून वेग निघतो. मैदानावर खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक रायफल त्यातून जाते. पण इथेही एक पळवाट आहे. काही रायफलींत, विशेषतः वायूवर चालणाऱ्या लांब नळीच्या बंदुकांत, जड छर्रा नळीत अधिक वेळ राहून अधिक ऊर्जा उचलतो. हलक्या छर्ऱ्यावर नियमात बसलेली बंदूक जड छर्ऱ्यावर मर्यादा ओलांडते. ब्रिटनने २०१७ मध्ये कायदेशीर व्याख्या केली तेव्हा वेग न लिहिता ऊर्जाच लिहिली: सलग झाडणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल, एकेक झाडणाऱ्या बंदुकीला २.५ ज्यूल. जपानी मर्यादाही ऊर्जेचीच आहे. त्यामुळे दक्ष संयोजक यंत्रावरचा आकडा वाचण्यापूर्वी छर्रा किती ग्रॅमचा आहे ते विचारतो. रॉबिन्सची गोळी पौंडाच्या बाराव्या हिश्श्याची होती. लोलकाचा हिशोब त्यानेही त्या वजनापासूनच सुरू केला होता.