वळचणीखालचे घोडे

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या गलीना गावी, नदीपलीकडच्या टेकडीवर विटांचं एक दुमजली घर आहे. छपराला उतार बेताचाच, पण ते भिंतीबाहेर ऐसपैस आलेलं. त्या वळचणीखाली ओळीने लाकडी घोडे लावलेत. आपल्याकडे सुतार फळीखाली ठोकतात, त्याच जातीचे. घराची शैली इटालियनेट. इटलीशी तिचं नातं मात्र लांबच्या वळणाचं.

ते सुरू होतं चित्रांपासून. सतराव्या शतकात चित्रकार क्लोद लोरँने रोमभोवतीचा प्रदेश रंगवला आणि इंग्लंडातल्या धनिकांनी ती चित्रं हौसेने जमवली. त्या चित्रांतल्या घरांच्या धर्तीवर १८०२च्या सुमारास वास्तुकार जॉन नॅशने श्रॉपशरमध्ये गोल बुरुजाचं ‘क्रॉंकहिल’ बांधलं. या शैलीचं इंग्लंडातलं पहिलं घर म्हणून त्याचंच नाव घेतात. पुढे १८४५ ते १८५१ या काळात व्हिक्टोरिया राणीचा ‘ऑस्बोर्न हाउस’ उभा राहिला आणि या थाटाला राजमान्यता मिळाली.

अमेरिकेत ही शैली पसरली पुस्तकांतून. हडसन नदीकाठच्या न्यूबर्गचा अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग हा रोपवाटिकेवाल्याचा मुलगा. १८४२ आणि १८५०च्या त्याच्या पुस्तकांत घरांचे नकाशे होते. इटलीत जे काम दगडात चाले, ते इथे लाकडात उतरलं; आणि लाकूड तर मुबलक. वाफेवरच्या करवतींनी घोडे स्वस्तात कापून मिळू लागले, तेव्हा गावोगावच्या सुतारांनाही ही ऐट परवडू लागली. डाउनिंगने मात्र ती लाट पुरती पाहिली नाही. १८५२ साली हडसनमध्ये आगबोट पेटली, त्यात तो छत्तिसाव्या वर्षी गेला.

गलीना हे शिशाच्या खनिजाचं नाव. त्याच शिशाने गाव श्रीमंत केलं. आगबोटी थेट धक्क्याला लागत. टेकडीवरचं घर १८६०चं. त्याच वर्षी युलिसिस ग्रँट वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला गावात आला आणि भाड्याच्या घरात राहिला. १८ ऑगस्ट १८६५ला तो सेनापती म्हणून अमेरिकेतलं यादवी युद्ध जिंकून परतला, तेव्हा गावकऱ्यांनी २,५०० डॉलरला घेतलेलं हे घर त्याला भेट दिलं. १८६८मध्ये तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि घराला कुलूप लागल्यासारखंच झालं. १८७९च्या फेब्रुवारीत जगप्रवासात तो मुंबईला उतरला, तेव्हाही टेकडीवरचं घर धन्याविना होतं. १९०४ साली त्याच्या मुलांनी ते गावाला देऊन टाकलं.

तोवर नदी गाळाने भरली होती, शिशाचा धंदा बसला होता. जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा गावात उरला नव्हता. त्यामुळे गलीनाच्या वळचणींखालचे घोडे शाबूत राहिले.