कुतची कैद आणि नगरची ब्रिगेड

नगरचा इतिहास म्हटला की आपल्याला चाँदबीबीची झुंज आठवते, मलिक अंबर आठवतो आणि १९४२ साली भुईकोट किल्ल्यात कैद झालेले मौलाना आझाद व पंडित नेहरू आठवतात. पण याच गावाचे नाव धारण केलेली एक फौज १९१६ साली इराकमध्ये तुर्कांच्या कैदेत गेली, हे नगरमध्येही फारसे कुणी सांगत नाही. तिचे नाव सतरावी (अहमदनगर) ब्रिगेड. आज जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. लष्करी इतिहासात मात्र त्या ब्रिगेडचे नाव तसेच नोंदलेले आहे.

ही ब्रिगेड सहाव्या (पूना) डिव्हिजनचा भाग होती. पूना, अहमदनगर आणि बेळगाव अशा तिच्या तीन ब्रिगेडी. त्यांत गोऱ्या पलटणींबरोबर पंजाबी, राजपूत आणि १०३, ११०, ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. म्हणजे जे घडले ते आपल्याच गावाघरांतल्या माणसांवर घडले.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी बसरा घेतले. हेतू मर्यादित होता : इराणच्या तेलाचे रक्षण आणि आखातावर पकड. तो साधलाही. एप्रिल १९१५ मध्ये तुर्कांनी शैबा येथे केलेला हल्ला मोडून काढला गेला. जूनमध्ये मेजर जनरल टाउनशेंड बोटींतून पाठलाग करीत गेला आणि मूठभर माणसांनिशी अमारा शहर त्याच्या हाती पडले. सप्टेंबरअखेर कुतही पडले. या सोप्या विजयांनीच घात केला. शत्रू थकला होता, आधी त्याने दुय्यम दर्जाच्या पलटणी पाठवल्या होत्या, ही कारणे बाजूला पडली आणि ‘तुर्क लढू शकत नाही’ हा निष्कर्ष तेवढा उरला.

इराकमधील सरसेनापती सर जॉन निक्सन याला आता बगदाद दिसू लागले. लंडनमध्ये गॅलिपोलीच्या अपयशाने सरकार बेजार होते. बगदाद घेतले तर पूर्वेकडील मुलखांत इंग्रजांची पत सावरेल, असा हिशेब मांडला गेला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग अनुकूल झाले. किचनेर आणि कर्झन यांनी धोक्याची सूचना दिली होती. तरी ऑक्टोबर १९१५ मध्ये परवानगी मिळाली. न्यायाने सांगायचे तर टाउनशेंडलाही शंका होती. एवढ्या फौजेने बगदाद घेणे अवघड आहे, असे त्याने कळवले होते. पण हुकूम येताच तो निघाला. रसद आणण्यास पुरेशा बोटी नव्हत्या, जखमींसाठी पुरेशी इस्पितळे नव्हती, आणि तुर्कांची ताजी कुमक येत असल्याच्या खबरांवर निक्सनने विश्वास ठेवला नाही.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉन येथे लढाई झाली. मुसलमान त्या जागेला सलमान पाक म्हणतात. कारण पैगंबरसाहेबांचे सहाबी हजरत सलमान फारसी यांची मजार तिथे आहे. खलीफाच्या फौजेविरुद्ध, अशा ठिकाणी, हिंदी मुसलमान शिपायाला बंदूक उचलावी लागली. त्याच्या मनात काय चालले असेल, हे हुकूम देणाऱ्यांनी किती विचारात घेतले? इंग्रजांचे साडेचार हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. जखमींना बोटींत दाटीवाटीने कोंबून बसऱ्याला नेण्यात आले. बारा-तेरा दिवसांच्या त्या प्रवासात त्यांच्या जखमा कुजल्या. ही अवस्था लेखी मांडणाऱ्या मेजर कार्टर या डॉक्टरलाच वरिष्ठांनी दमदाटी केली.

उरलेली फौज कुतला परतली आणि डिसेंबरमध्ये वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने ती तिथे उपाशी लढली. अखेर घोडे कापण्याची वेळ आली. हिंदी शिपाई ते मांस खाईनात. धर्मगुरूंची संमती हिंदुस्थानातून मागवावी लागली. सुटकेसाठी आलेल्या फौजांचे सुमारे २३ हजार लोक मारले गेले किंवा जखमी झाले, पण वेढा उठला नाही. शेवटी वाटाघाटीसाठी टी. ई. लॉरेन्स आणि ऑब्रे हर्बर्ट यांना पाठवण्यात आले. ज्याला कमी लेखले, त्याच तुर्काला सुटकेच्या मोबदल्यात वीस लाख पौंड देऊ केले गेले. खलील पाशाने नकार दिला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक कैदेत गेले. त्यांत बहुसंख्य हिंदी होते.

पुढची वाट वाळवंटातून पायी होती. कित्येक वाटेतच मेले. कित्येक रस-अल-ऐनच्या रेल्वेकामावर राबले. जिंकणाऱ्यांनी कैद्यांचे केलेले हे हाल झाकण्याचे कारण नाही. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि १९२० मध्ये पार्लमेंटचा सभासद झाला. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, तेव्हा भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. एवढाच काय तो हिशेब चुकता झाला.

मार्च १९१७ मध्ये अधिक तयारीनिशी इंग्रजांनी बगदाद घेतले आणि आपण मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असे जाहीर केले. तीन वर्षांत, १९२० साली, इराकी जनता त्यांच्याविरुद्ध उठली. पुढे मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन त्याच भूमीत उतरले. बगदाद तीन आठवड्यांत पडले. १ मे रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मुख्य लढाई संपल्याचे सांगितले. खरी होळी त्यानंतर पेटली. अमेरिकन फौज २०११ अखेर बाहेर पडली, आणि ज्या संहारक अस्त्रांसाठी युद्ध मांडले ती सापडलीच नाहीत. पहिला विजय सोपा मिळाला की समोरच्याला आपण ओळखले, असे सत्तेला वाटते. त्या मुलखाची भाषा, श्रद्धा, स्वाभिमान यांची चौकशी करण्याची तिला गरज वाटत नाही.

इराकमध्ये पडलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या सैनिकांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक उभारले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची फक्त पलटणवार संख्या लिहिली. चूक ज्यांनी केली त्यांची नावे ग्रंथांत आहेत. किंमत ज्यांनी मोजली त्यांचा आकडा झाला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. नगरने निदान आपल्या नावाच्या ब्रिगेडची आठवण तरी ठेवावी.