पांढरीचा रंग

बदनापूरचे नाव शेतकऱ्यांना परिचित आहे ते तेथील कृषी संशोधन केंद्राच्या तुरीच्या वाणांमुळे, म्हणजेच काळीमुळे. मराठवाड्यात शेतजमीन ती 'काळी' आणि गावठाण ती 'पांढरी'. पांढऱ्या मातीनेच घराच्या भिंती बांधल्या व सारवल्या जात. ऐपत असल्यास वर चुन्याचा हात फिरे. बाहेरून रंग कोणता द्यावा, हे भूमीच ठरवीत असे.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग ख्रिस्तमंदिरांसाठी राखण्याचा रिवाज पडला. घरांनी गेरू, पिवळा व निळा रंग पत्करला. पणजीच्या फोंतेन्हास भागात तो आजही दिसतो. तेथे जो रंग देवघराचा मान होता, तो इकडे साध्या शेतकऱ्याच्याही दारी होता.

पांढऱ्या चुन्याने ऊन परतते आणि भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. पुढे सिमेंट व तैलरंग आले, निवडीला वाव मिळाला; हे स्वागतार्हच. परंतु मातीच्या भिंतीवर तैलरंग चढविला की ओल आत कोंडते आणि गिलाव्यासह पोपडे सुटतात. गडद छटेची भिंत वैशाखात अधिक तापते, ते वेगळेच. म्हणून छटा निवडण्यापूर्वी भिंत कशाची आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे.