घरचा पडदा आणि बायकांची निवड

घरबसल्या चित्रपट पाहणे आज अंगवळणी पडले आहे. पण काय पाहावयाचे हे ठरविण्याचा हक्क गृहिणीच्या हाती फार उशिरा आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा केंद्र दाखवील तेच पाहावयाचे. शनिवारी-रविवारी चित्रपट लागला की शेजारपाजार ज्याच्या घरी संच असे तेथे लोटे, आणि त्या घरची यजमानीण मात्र चहाच्या आधणापाशी!

१९८० नंतर व्हिडिओ आला. चाळीत वर्गणी काढून एका रात्रीपुरते यंत्र भाड्याने आणीत व पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहात. परंतु दुकानातून कॅसेटी आणावयास जात पुरुषमंडळी व मुले. मारामारीचे दोन झाले की तिसरा 'बायकांसाठी'. तो लागेपर्यंत दिवसभर राबलेल्या बायकांचे डोळे मिटलेले असत. याला का निवड म्हणावयाचे?

१९९४ साली दूरदर्शनवर 'शांती' ही रोजची मालिका दुपारी लागू लागली. पुरुष कचेरीत, मुले शाळेत. बटण दाबणारी घरात एकटीच होती, आणि तिला कोणाला विचारावे लागत नव्हते.