वाळूच्या कणावरची माती

पाबळ म्हटलं की इतिहासाची आवड असलेल्या माणसाला मस्तानीची समाधी आठवते. आज मात्र आपण फार लहान गोष्टीचा इतिहास पाहणार आहोत. वाळूचे दोन कण एकमेकांना टेकतात, आणि त्यांच्यामध्ये मातीचा पापुद्रा येतो. एवढाच विषय.

जुना गवंडी वाळू घेताना मूठभर वाळू तळहातावर चोळतो. करकर ऐकू आली आणि तळवा स्वच्छ राहिला, तर वाळू चांगली. तळवा माखला, तर नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस यानेही हीच परीक्षा लिहून ठेवली आहे. वाळू हातात करकरली पाहिजे आणि पांढऱ्या कापडावर टाकून झटकली तर डाग राहता कामा नये, असं तो सांगतो. घोड नदीकाठच्या गवंड्याने त्याचा ग्रंथ वाचलेला नाही. त्याला हाताने शिकवलं.

आता थोडं आमच्या विषयाकडे वळू. न्याय-वैशेषिकांनी संयोगाला 'अव्याप्यवृत्ती' म्हटलं, म्हणजे तो आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापत नाही. झाडावर माकड बसलं आहे. फांदीपाशी संयोग आहे, मुळापाशी नाही. झाड मात्र एकच. पुढे १८८१ मध्ये तेवीस वर्षांच्या हाइनरिक हर्ट्झने काचेच्या भिंगांचा विचार करताना स्पर्शाचं गणित मांडलं. दोन गोल एकमेकांवर दाबले की ते बिंदूत नव्हे, इवल्याशा वर्तुळात टेकतात. दाब आठपट केला, तर त्या वर्तुळाची त्रिज्या दुप्पट होते.

पण वाळूचा कण भिंगासारखा गुळगुळीत नसतो. त्याचे उंचवटेच तेवढे टेकतात. त्यांच्यावर चिकणमाती असेल तर भार आला की आधी ती दबते, आणि सुरुवातीला तो सांधा मऊ वागतो. शिवाय सिमेंटची पकड कणावर न बसता मातीवर बसते. म्हणूनच आयएस ३८३ हे भारतीय मानक नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनहून बारीक अंश वजनाने ३ टक्क्यांपर्यंतच चालवून घेतं.

मग थर वाईटच का? तसं नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत जा. तिथे वाळूच्या कणांवर बेंटोनाइट माती आणि पाणी मुद्दाम चढवतात, तेव्हाच साचा उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत योहानेस क्रोनिंगने तर वाळूला राळेचा लेप देऊन पातळ कवचाचे साचे केले. गवंड्याला नको असलेला थर ओतारी विकत घेतो.

याच पाबळमध्ये १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावं, हा त्यांचा आग्रह. इथले फेरोसिमेंटचे घुमट 'पाबळ डोम' म्हणून ओळखले जातात. जाळीवर मसाल्याचा पातळ थर द्यायचा असतो. अशा ठिकाणी मळकी वाळू लपवायला जागाच नसते.

आमचा स्वतःचा अनुभव सांगून थांबतो. घर बांधताना गवंडी म्हणाला होता, "सर, वाळू धुवायला पाहिजे." दुष्काळी वर्ष होतं, पाणी टँकरचं. आम्ही म्हटलं, "राहू द्या हो." दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे निघाले. आयुष्यभर वर्गात संयोग शिकवला. दारात पडलेल्या ढिगाऱ्यात एकदाही हात घातला नाही. दोष आमचाच.

पाबळसारख्या कमी पावसाच्या गावात पाणी वाचवावंच लागतं. म्हणून आधी बाटलीत वाळू आणि मिठाचं पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर किती गाळ बसतो ते दिसेल. धुवायचीच झाली, तर ते पाणी खड्ड्यात निवळू द्या आणि पुन्हा धुवायलाच वापरा. आणि गवंडी काही म्हणाला, तर ऐका.